पोषणशास्त्राची पदवी : देऊळगाव राजाहून परवडणारी वाट

२०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस झडू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोके खाजायचे, मग केस हातात यायचे आणि काही दिवसांतच टक्कल पडायचे. बाया, पोरे, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली ही गावे, त्यामुळे पाण्यावर संशय जाणे साहजिकच होते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, रक्ताचे नमुने गेले आणि रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त असल्याचे समोर आले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे, शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः नमुने तपासून घेतले. त्यांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. गव्हात सेलेनियम फार आणि माणसांच्या अंगात जस्त कमी, असे त्यांचे म्हणणे.

सेलेनियम हे विष नव्हे. मोठ्या माणसाला ते रोज सुमारे ४० मायक्रोग्रॅम लागतेच. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मात्र रोजचे प्रमाण ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे जात राहिले, की केस आणि नखे जायला लागतात. थोडे हवे, पण फार नको, आणि हे 'थोडे' व 'फार' नेमके किती ते मोजून सांगायचे, यालाच पोषणशास्त्र म्हणतात. ही मोजणी येणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात लागतात, हे त्या हिवाळ्यात सगळ्यांनी पाहिले.

आता बारावीचा निकाल लागला, की आमच्या देऊळगाव राजात पाच-सात घरांत तरी हा विषय निघतो. मुलगी म्हणते, मला न्यूट्रिशन करायचे आहे. वडील विचारतात, त्याला खर्च किती? मग कोणी पुण्याच्या खासगी विद्यापीठाचे चकचकीत माहितीपत्रक आणतो, कोणी सहा महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राची जाहिरात मोबाइलवर दाखवतो, आणि शेवटी मुलगी भलत्याच विषयाला नाव घालते. हे टाळता येते. या पदवीची स्वस्त आणि खरी वाट आपल्याकडे आहे, पण ती ओळखायची कशी हे आधी समजून घ्यावे लागते. मला सांगायचे आहे ते एवढेच, की महाविद्यालय स्वस्त आहे की महाग, हे फीच्या पावतीवरून ठरत नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च किती आणि त्या पदवीने पुढची कोणती दारे उघडतात, या दोन गोष्टींवरून ते ठरते.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. कागदावर 'फूड' किंवा 'न्यूट्रिशन' हा शब्द दिसला म्हणजे सगळे अभ्यासक्रम सारखे होत नाहीत. अन्नतंत्रज्ञान, म्हणजे बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी, विचारते की बिस्किट सहा महिने टिकेल कसे, डाळीचा कोंडा कमी वाया जाईल कसा. पोषणशास्त्र विचारते की ते बिस्किट खाल्ल्यावर दोन वर्षांच्या पोराच्या अंगात काय होईल, आणि मधुमेह असलेल्या आजोबांच्या अंगात काय होईल. पहिल्याची नोकरी कारखान्यात. दुसऱ्याची रुग्णालयात, अंगणवाडी प्रकल्पात, संशोधन संस्थेत. दोन्ही विषय चांगले आहेत, पण वेगळे आहेत. तिसरे नाव गृहविज्ञान, म्हणजे होम सायन्स. जुन्या पिढीला हे नाव ऐकले, की स्वयंपाक आणि शिवणकाम आठवते, आणि तिथेच आपण चुकतो. महाराष्ट्रात पोषणाचे विद्यापीठीय शिक्षण वाढले ते बहुतेक या गृहविज्ञानाच्या छपराखालीच. कृषी विद्यापीठांत आता त्याला 'सामुदायिक विज्ञान' म्हणतात. म्हणून माहितीपुस्तिकेत 'न्यूट्रिशन' शोधून सापडले नाही, तर 'होम सायन्स' आणि 'कम्युनिटी सायन्स' या नावांखाली पाहायचे. चौथे नाव आपल्या अमरावती विद्यापीठाच्या कला शाखेतले गृहअर्थशास्त्र. बी.ए.ला हा ऐच्छिक विषय विदर्भातल्या कितीतरी महाविद्यालयांत आहे. त्यात आहाराचा भाग असतो, पण ती विज्ञानाची पदवी नाही, आणि एम.एस्सी.चे दार बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.लाच उघडते. ज्या मुलीला रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचे आहे, तिने हे अकरावीच्या प्रवेशावेळीच लक्षात घ्यावे. विज्ञान शाखा घ्यावी, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र सोडू नये.

आता नकाशा बघा. देऊळगाव राजा कागदोपत्री विदर्भात, विद्यापीठ संत गाडगे बाबांच्या नावाचे, अमरावतीचे. पण आपले पाय वळतात ते जालन्याकडे. बाजाराला, दवाखान्याला, रेल्वेला जालनाच, कारण ते तीसेक किलोमीटरवर आहे. पोषणशास्त्राच्या बाबतीतही ही पायवाटच कामाला येते. जालन्याच्या स्टेशनावर गाडीत बसले, की परतूर, सेलू, मानवत रोड आणि मग परभणी.

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. तिथले गृहविज्ञान महाविद्यालय १९७६ चे, आज त्याचे नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय. शेतकीचे विद्यापीठ म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बी.एस्सी. ॲग्री येते. मुले त्याच रांगेत उभी राहतात, आणि शेजारच्या इमारतीत चालणारी ही पदवी कोणाला माहीतही नसते. ही चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, सामुदायिक विज्ञान. यात पाच अंगे शिकवतात : अन्नशास्त्र व पोषण, मानव विकास, संसाधन व्यवस्थापन, वस्त्रशास्त्र आणि विस्तार शिक्षण. म्हणजे निव्वळ पोषण नाही, हे खरे आहे, आणि प्रवेश घेण्याआधी मुलीला ते स्पष्ट सांगा. पहिल्या वर्षी कापडाच्या धाग्यांचा अभ्यास आला म्हणून तिने निराश होऊ नये. पण हा विस्तार वायाही जात नाही. कुपोषित मुलाच्या घरी गेल्यावर आईशी बोलायचे कसे, मूल वयाप्रमाणे रांगते-बोलते का, घरातल्या पैशाचा आणि चुलीचा हिशेब काय, हे सगळे कळल्याशिवाय नुसता उष्मांकांचा तक्ता चालत नाही. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना गावात किंवा उद्योगात प्रत्यक्ष कामाला पाठवतात. पोषणातली खोली मग एम.एस्सी.ला येते, आणि तो विभाग त्याच आवारात आहे.

प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून अर्ज करावा लागतो. बारावीचे गुणपत्रक घेऊन थेट महाविद्यालयात गेल्यास हात हलवत परत यावे लागेल. सीईटीचा अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच भरला जातो, आणि दरवर्षी कितीतरी मुलींची संधी इथेच हुकते. शेतकऱ्याच्या मुलांना आणखी एक गोष्ट मदतीला येते. कृषी पदव्यांच्या प्रवेशात सातबारा किंवा भूमिहीन शेतमजुराचा दाखला जोडला, तर जादा भारांक मिळतो. ज्यांच्या घरी चार एकर सोयाबीन-तूर आहे किंवा शेडनेटमध्ये बीजोत्पादन चालते, त्यांनी हा कागद आधी काढून ठेवावा. शिवाय देशभरातल्या कृषी विद्यापीठांच्या काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषद राष्ट्रीय परीक्षेतून भरते. ती परीक्षा आता सीयूईटीत सामावली आहे. त्या वाटेने धारवाड किंवा हैदराबादच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयातही जाता येते, आणि परराज्यात शिकणाऱ्यांसाठी परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. हुशार मुलीने ही परीक्षाही द्यावी.

परभणी माझ्या मते पहिली. बाकीच्यांकडे थोडक्यात पाहू. नागपुरात लेडी अमृतबाई डागा महिला महाविद्यालय आहे. गाव त्याला एलएडी म्हणून ओळखते. १९३२ पासूनचे हे महाविद्यालय आणि तिथला गृहविज्ञानाचा विभाग विदर्भात नावाजलेला आहे. अमरावतीला विद्यापीठाच्याच आवारात गृहविज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे, म्हणजे पदवी कुठूनही झाली तरी एम.एस्सी.साठी आपल्या विद्यापीठात जागा आहे. मुंबईला महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले एसएनडीटी महिला विद्यापीठ, त्याच्या जुहूच्या आवारातले सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय, आणि मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन. शिक्षण उत्तम आणि रुग्णालये हाकेच्या अंतरावर. पण मुंबईत वसतिगृहात जागा मिळाली तरच तिकडे जावे. खोली भाड्याने घेऊन शिकायचे म्हटले, तर फीत वाचलेले सगळे पैसे भाड्यात जातील. पुण्यात कर्वे रस्त्यावरही एसएनडीटीचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे. यातल्या काही संस्था फक्त मुलींसाठी आहेत, तेव्हा मुलाला हा विषय घ्यायचा असेल तर त्याने आधी तेवढी खात्री करावी. मुलांनी हा विषय जरूर घ्यावा. खेळाडूंचा आहार आणि रुग्णालयाचे स्वयंपाकघर दोन्हीकडे त्यांना काम आहे.

खर्चाकडे वळू. पहिला प्रश्न फी किती हा नसतो. पहिला प्रश्न विचारायचा : ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच महाविद्यालयात, एकाच मजल्यावर दोन्ही असू शकतात. अनुदानित तुकडीच्या शिक्षकांचा पगार सरकार देते, म्हणून फी हजारांत राहते. विनाअनुदानित तुकडीचा सगळा खर्च फीतून निघतो. फलकावर संस्थेचे नाव जुने आणि मोठे असते, म्हणून पालक गृहीत धरतात की तिथले सगळेच अनुदानित असेल. तसे नसते. दुसरा प्रश्न, शिकवणारे पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असे मुळीच नाही, पण दर वर्षी शिक्षक बदलत गेले तर प्रकल्पाला मार्गदर्शक उरत नाही. तिसरा प्रश्न वसतिगृहाचा : महाविद्यालयाचे स्वतःचे आहे की बाहेर खासगी, आणि खानावळीचे बिल महिन्याला किती.

आता थोडा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमचे खरे आकडे त्या जागी घाला. समजा एका सरकारी महाविद्यालयात वर्षाची फी २०,००० रुपये आणि वसतिगृह-खानावळ ४५,०००. चार वर्षांचे होतात २,६०,०००. समजा एका खासगी विद्यापीठात फी १,२०,००० आणि मोठ्या शहरात राहणे-खाणे १,००,०००, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तीन वर्षांचे होतात ६,६०,०००. 'एक वर्ष वाचते' हे कारण सांगून खासगीकडे ओढणारे भेटतात. पण वाचलेल्या त्या एका वर्षाची किंमत इथे चार लाख पडली. आणि पहिल्या हिशेबात डोळे उघडणारी गोष्ट कोणती? २,६०,००० पैकी १,८०,००० हे नुसते राहण्या-जेवणाचे आहेत. म्हणजे फीमाफी मिळवण्याइतकीच धडपड वसतिगृहासाठी आणि निर्वाह भत्त्यासाठी केली पाहिजे. आपण फीमाफीच्या मागे लागतो आणि भत्त्याचा अर्ज राहून जातो.

मदत कुठून मिळते? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत नाही. कृषी विभागाचे व्यावसायिक अभ्यासक्रम या निर्णयात आहेत, आणि परभणीची वाट स्वस्त पडते ती इथेच. मुलांसाठी आणि खुल्या गटातल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. राहण्या-जेवणासाठीच्या योजना वेगळ्या आहेत. शेतकरी व मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जिच्यात शहराच्या आकाराप्रमाणे वर्षाला ६०,००० पर्यंत रक्कम मिळते. अनुसूचित जमातींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास वर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात.

या योजना कागदांवर अडतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता, अधिवास, बँक खात्याला आधार जोडलेले असणे. जून-जुलैत तहसीलपुढे आणि सेतूत रांग लागते, सर्व्हर बंद पडतो, आणि तोवर प्रवेशाची फेरी संपते. बारावीची परीक्षा संपली, की एप्रिल महिना या कागदांसाठीच ठेवा. जातवैधतेचा अर्ज तर अकरावीतच द्या. आणखी एक छोटी बचत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. महिन्यातून एकदा घरी येणाऱ्या मुलीच्या चार वर्षांच्या हिशेबात तेही धरावे.

आता पदवीच्या मान्यतेकडे येतो. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. परिचारिका, दंतवैद्य यांच्या परिषदा आधीच होत्या. आहारतज्ज्ञांना मात्र कायद्याचे छत्र नव्हते, आणि कोणीही पाटी लावत होता. या कायद्याने पोषणशास्त्राच्या व्यावसायिकांना, म्हणजे आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना, यादीत घेतले. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवायला किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत पसरलेले शिक्षण हवे, असे कायदा म्हणतो. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राचे मोल यावरून ठरवा. स्वतःच्या घराचा आहार सुधारायला ते पुरेल. त्यावर व्यवसाय उभा राहणार नाही.

दूरशिक्षणाचेही तसेच. घरी बसून स्वस्तात पदवी, हा विचार आपल्यासारख्या गावात आधी मनात येतो. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास बंदी घातली आहे. अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन त्या यादीत आहेत. मला हा निर्णय कठोर वाटतो, कारण ज्या मुलीला बाहेरगावी पाठवत नाहीत तिची वाट त्याने बंद झाली. तरी तो चुकीचा आहे असे म्हणवत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णाला पोटॅशियम किती द्यायचे, हे चित्रफीत पाहून शिकता येत नाही. तेव्हा कोणी अजूनही अशी दूरस्थ पदवी विकत असेल, तर पैसे देऊ नका.

रुग्णालयात नाव कमवायचे असेल, तर पदवीपुढे आणखी एक टप्पा आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली उमेदवारी लागते. म्हणून खर्चाचा अंदाज पदवीपाशी थांबवू नका. आणखी दोन वर्षांची तयारी मनात ठेवा. पदवीला सगळी पुंजी संपवून एम.एस्सी.ला पैसे न उरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. स्वस्त पदवी घेऊन पदव्युत्तरला चांगल्या ठिकाणी जाणे, हा क्रम त्याहून कितीतरी शहाणपणाचा.

महाविद्यालय निवडण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. कार्यालयात बसू नका, प्रयोगशाळा दाखवा म्हणा. तिथे काय बघायचे? केल्डाल पद्धतीने प्रथिने मोजायची सोय आहे का ते बघा. ही पद्धत १८८३ ची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतली. अन्नातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणायचे, की प्रथिने निघतात. तुरीच्या डाळीच्या पाकिटावर जो प्रथिनांचा आकडा छापतात, त्यामागे हेच गणित असते. चरबी काढायचे सॉक्सलेट उपकरण, खनिजांसाठी नमुन्याची राख करणारी मफल भट्टी, वजन-उंची मोजायची नीट तपासलेली साधने आणि दंडघेराची पट्टी. ही पट्टी सगळ्यात स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. विद्यार्थिनीने ही पट्टी शंभर मुलांच्या दंडाला लावली आहे की फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली आहे, यावर तिचे शिक्षण तोलावे. काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेली उपकरणे दिसली, तर एकच प्रश्न विचारा : शेवटचा प्रयोग कधी झाला? तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारले, तर खरे उत्तर मिळते.

मग विचारा की रुग्णालयातली उमेदवारी कुठे असते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात महिनाभर उभे राहून जे शिकायला मिळते, ते वर्गात मिळत नाही. जालना आणि बुलढाणा या दोन्ही ठिकाणी २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालये मंजूर होऊन सुरू झाली. आपल्या भागातल्या मुलींना ही रुग्णालये पुढे अनुभवासाठी जवळची ठरतील.

प्रयोगशाळेवर मी एवढा भर देतो, त्याला मराठी माणसाजवळ एक मोठे उदाहरण आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनाला गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नकार दिला. त्या हटल्या नाहीत, अटींवर प्रवेश मिळवला आणि काम करून दाखवले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. परत आल्यावर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवले. तिथे त्यांनी गरिबाच्या ताटातल्या डाळींवर आणि नीरेवर संशोधन केले. कुन्नूरची ती संस्था १९१८ मध्ये सुरू झालेली. पुढे ती हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय माणसाला रोज किती लोह, किती प्रथिने लागतात याचे कोष्टक तिच्याच तज्ज्ञांच्या हातून तयार होते. तिथे पदव्युत्तर शिक्षणाच्या थोड्या जागा असतात. परभणीतून निघालेल्या मुलीने ते ध्येय ठेवायला काहीच हरकत नाही.

शिकून परत यायचे ठरले, तर काम आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने वाळलेली, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, हरभरा पिकवणाऱ्या आपल्या मुलखातही घरातले ताट बदलत गेले आहे. शेतातली डाळ बाजारात जाते आणि पोराच्या हातात पाच रुपयांचा पुडा येतो. पोषण पुनर्वसन केंद्रांत आहारतज्ज्ञ लागतात. जिल्हा परिषदेच्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकांच्या भरतीत गृहविज्ञान, बालविकास आणि पोषण या पदव्या पात्रतेत नावानिशी आहेत. बालविकास प्रकल्प अधिकारी होण्यासाठी लोकसेवा आयोगाची वाट आहे. शहरातल्या खासगी रुग्णालयांत आणि खेळाडूंच्या शिबिरांत काम मिळते, पण तिथे पदव्युत्तर शिक्षण मागतात. पदवी हातात आली की लगेच मोठा पगार, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पहिली दोन वर्षे थोड्या पगाराची असतात.

माझा निर्णय असा. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, चिखली या भागातल्या मुलीने विज्ञान शाखेतून बारावी करावी, सीईटी द्यावी आणि परभणीला पहिली पसंती लावावी. तिथे नाही मिळाले, तर नागपूर किंवा पुण्याची अनुदानित तुकडी, वसतिगृहासह. मुंबई वसतिगृह मिळाले तरच. खासगी विद्यापीठ सगळ्यात शेवटी, आणि तेही शिष्यवृत्तीचे पत्र हातात आल्यावर. कर्ज काढायची वेळ आली, तर ते एम.एस्सी.साठी राखून ठेवावे.

आणि पसंतीक्रम भरण्याआधी एक दिवस काढा. सकाळच्या एसटीने जालना गाठा, रेल्वेने परभणीला जा, सोबत आईला घ्या. विद्यापीठाच्या फाटकातून आत गेल्यावर सामुदायिक विज्ञान महाविद्यालय कुठे आहे ते विचारा, प्रयोगशाळा पाहा, वसतिगृहाची खानावळ पाहा, तिथल्या मुलींशी बोला. संध्याकाळच्या गाडीने परत येता येते.